रोबो सरळ चालत नाही, मित्र मात्र पुढे गेले... कोर्स बदलू का?

पत्र लांब होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, मी एआय आणि रोबोटिक्सच्या सेकंड इयरला आहे. ॲडमिशन घेताना वाटलं दोन्ही एकत्र मिळतंय म्हणजे डबल फायदा. आता नुसतं एआय घेतलेले मित्र रोज नवीन मॉडेल फाइन-ट्यून करून दाखवतात आणि आमच्या ग्रुपचा रोबो किती आठवडे झाले तरी सरळ रेषेत चालत नाहीये. मेकॅनिक्स, कंट्रोल, सिग्नल्स, प्रोबॅबिलिटी सगळं थोडं थोडं शिकवतात, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. कोड तर आता एआयच लिहून देतं, मग मी शिकतोय तरी काय? पुढच्या सेमिस्टरच्या आधी प्युअर एआयला जायचा ऑप्शन आहे. जाऊ का? आणि महागडा ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप लागेल का?"

अरे, आधी उत्तर सांगून टाकते आणि मग कारणं, नाहीतर तू सरळ खाली स्क्रोल करशील. नको जाऊस. म्हणजे कोर्स बदलणं चूक असतं असं अजिबात नाही, पण तू जी कारणं दिलीयस ना त्यातलं एकही बदलण्याइतकं वजनदार नाहीये, आणि एक तर उलट थांबायचं कारण आहे. तो सरळ न चालणारा रोबो.

त्याच्यापासूनच सुरू करू. दोन मोटर, दोन चाकं आणि टेकू म्हणून एक छोटं फिरतं चाक, असाच असणार तुमचा, कारण बहुतेक ठिकाणी सुरुवात त्यानेच करतात. दोन्ही मोटरना सारखाच पीडब्ल्यूएम (मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणारा सिग्नल) देताय आणि तरी तो एका बाजूला ओढतोय, बरोबर? कारण एकाच खोक्यातून काढलेल्या दोन मोटरसुद्धा सारख्या नसतात, एकीचा गिअरबॉक्स घट्ट तर एकीचा सैल, त्यात चाकांचा व्यास केसभर कमीजास्त, त्यात बॅटरी उतरत आली की सगळंच बदलतं. आता केसभर फरकाने काय होतं ते कागदावर करून बघ. चाकांमधलं अंतर १५ सेंटीमीटर धर आणि एक चाक दुसऱ्यापेक्षा फक्त १ टक्का जास्त फिरतंय असं धर. १ मीटर गेल्यावर रोबोचं तोंड जवळजवळ ४ अंशांनी वळलेलं असतं, आणि ५ मीटर गेला की तो ठरलेल्या रेषेपासून पाऊण मीटरहून जास्त लांब असतो. नुसत्या १ टक्क्यात! तेव्हा आठवडे गेले याची लाज वाटून घेऊ नकोस, सरळ रेषा ही रोबोला फुकटात मिळणारी गोष्टच नाही, ती सतत सांभाळावी लागते.

मग तुम्ही एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते टिक्समध्ये मोजणारा सेन्सर लावाल, दोन्ही चाकांचे टिक्स मोजाल, पीआयडी (चूक बघून मोटरचा जोर आपोआप कमीजास्त करणारं गणित) लावून दोन्ही सारखे कराल आणि वाटेल झालं एकदाचं. तरी तो वळणार. टिक्स सारखे झाले पण चाकांचा व्यास सारखा नाहीये ना, आणि एखादं चाक मध्येच घसरलं तर एन्कोडरला त्याचा पत्ताही लागत नाही, त्याच्या मते रोबो मस्त पुढे चाललाय. मग जायरो, म्हणजे रोबो किती वळतोय ते मोजणारा सेन्सर लावायचा. जायरोची गंमत अशी की रोबो टेबलावर गप्प पडलेला असला तरी तो "मी किंचित फिरतोय" असंच सांगत राहतो, याला बायस म्हणतात, आणि ती किंचित चूक सेकंदामागून सेकंद बेरीज होत जाते. मग कुणीतरी म्हणतं होकायंत्रासारखा मॅग्नेटोमीटर लावू, तो मोटरच्या चुंबकाने आणि करंटने बिथरतो. म्हणजे थोडक्यात प्रत्येक सेन्सर खोटं बोलतो, पण प्रत्येकाची खोटं बोलायची पद्धत वेगळी असते, आणि कोणावर कधी किती विश्वास ठेवायचा याचंच गणित म्हणजे तुझी ती कंटाळवाणी प्रोबॅबिलिटी. रुडॉल्फ काल्मनने १९६० मध्ये जो फिल्टर मांडला तो हेच करतो, मॉडेलचा अंदाज आणि सेन्सरचं माप यांना त्यांच्या त्यांच्या भरवशाप्रमाणे वजन देऊन एकत्र करतो, चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या नेव्हिगेशनमध्ये तो वापरला होता आणि आजही ड्रोनपासून गाड्यांपर्यंत त्याची भावंडं सापडतात.

आता बघ, मोटर आणि घर्षण आलं म्हणजे मेकॅनिक्स आलं, पीआयडी म्हणजे कंट्रोल, एन्कोडरच्या मापातला नॉइज, म्हणजे नको असलेली गडबड, गाळणं म्हणजे सिग्नल्स, फिल्टर म्हणजे प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा. भाराभर चिंध्या म्हणतोयस त्या सगळ्या तुमच्या त्या वाकड्या चालणाऱ्या डब्यात एकत्र आल्यात. अडचण एवढीच आहे की हे विषय शिकवणारे चार वेगवेगळे लोक असतात आणि हे सगळं एकाच यंत्राबद्दल चाललंय हे सांगायचं कुणाच्या वेळापत्रकात नसतं. ते तुलाच करावं लागणार. कंट्रोलच्या तासाला जे समीकरण आलं ते त्याच आठवड्यात तुमच्या रोबोवर लावून बघायचं, चुकलं तर चुकलं.

मित्रांबद्दल. तुलना करतोयस ती जरा गडबड आहे. फाइन-ट्यून म्हणजे तयार मॉडेल आपल्या कामापुरतं थोडं पुढे शिकवणं, त्यात मॉडेल आधीच कुणीतरी प्रचंड डेटावर शिकवून ठेवलेलं असतं, डेटासेट साफ करून ठेवलेला असतो, आणि चुकलं तर परत रन करायचं, काही मोडत नाही. त्यात मेहनत नसते असं मी म्हणत नाहीये, नीट इव्हॅल्युएशन करणाऱ्याला तिथेही घाम फुटतो. पण पुढच्या वेळी कुणी ९८ टक्के ॲक्युरसी दाखवली ना तर शांतपणे विचार की टेस्टचा डेटा वेगळा कसा काढलास. एकाच व्हिडिओच्या फ्रेम्स अशाच पिसून अर्ध्या ट्रेनिंगला आणि अर्ध्या टेस्टला टाकल्या असतील तर शेजारशेजारच्या, जवळजवळ सारख्याच फ्रेम्स दोन्हीकडे गेल्या, म्हणजे मॉडेलने पेपर आधीच बघितलाय. हा घोळ फार कॉमन आहे. रोबोवर असली ॲक्युरसी दोन मिनिटांत उघडी पडते, तो जाऊन भिंतीला धडकतो.

आणि ते भराभर पुढे गेले, आम्ही मागे राहिलो असं म्हणशील तर, २०१६ मध्ये अल्फागो या एआय प्रोग्रामने ली सेडोलला गो या खेळात ४-१ ने हरवलं तेव्हा पटावर सोंगट्या कोण ठेवत होतं? समोर बसलेला माणूस, त्यांच्याच टीममधला आजा ह्वांग. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाला हरवणारी खेळी कॉम्प्युटरने शोधली, पण सोंगटी उचलून पटावर ठेवायला माणूस बसवला. हान्स मोराव्हेक या रोबोटिक्सच्या संशोधकाने १९८८ मध्येच लिहून ठेवलं होतं की मशीनला बुद्धिमत्तेच्या चाचण्या आणि पटावरचे खेळ जमवणं तुलनेने सोपं आहे आणि वर्षाच्या पोराला जे बघणं-हलणं जमतं ते देणं महाकठीण. तुम्ही त्या कठीण बाजूला बसलायत एवढंच आहे, मागे पडला नाहीयेत. डेटाचंही तेच. भाषेच्या मॉडेलला शिकायला माणसांनी लिहून ठेवलेला ढीग आयता मिळाला, रोबोच्या हाताच्या हालचालींचा असा ढीग कुठे पडलेला नसतो, तो एकेक करून गोळा करावा लागतो. २०२३ मध्ये बऱ्याच संस्थांनी मिळून ओपन एक्स-एम्बॉडिमेंट नावाचा संग्रह केला, २२ प्रकारच्या रोबोंचे मिळून १० लाखांहून जास्त प्रसंग, आणि रोबोटिक्समध्ये तो मोठा मानला गेला. भाषेवाले असल्या आकड्याकडे बघणारही नाहीत.

बरं, एआय वेगळं आणि रोबोटिक्स वेगळं ही भिंतही तशी नंतरचीच. तुम्हाला ए-स्टार शिकवलं असेल, जवळचा रस्ता शोधायला गेममध्ये, मॅपवर सगळीकडे वापरतात ते. ते १९६८ चं, आणि ते आलं कुठून तर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या शेकी नावाच्या रोबोच्या प्रोजेक्टमधून, त्याला खोलीतले ठोकळे चुकवत रस्ता काढायचा होता. (चालताना थरथरायचा म्हणून शेकी. म्हणजे तुमच्या रोबोचं खानदान चांगलं आहे.) आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेची वाळवंटातली बिनड्रायव्हर गाड्यांची शर्यत. मार्च २००४ मध्ये १५ गाड्या निघाल्या, रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि सगळ्यात लांब गेलेली गाडी १२ किलोमीटरवर अडकली. एकही पोहोचली नाही. ऑक्टोबर २००५ ला परत ठेवली तर पाच गाड्या शेवटपर्यंत गेल्या, पहिली आली स्टॅनफर्डची स्टॅनली. त्यांच्या टीमने एक फार हुशारीची गोष्ट केली होती, लेझरला जवळचाच रस्ता दिसतो पण खात्रीने दिसतो, कॅमेऱ्याला लांबचं दिसतं पण तो रस्ताच आहे का ते कळत नाही, तर लेझरने जवळचा जो भाग सपाट ठरवला त्याचा रंग-पोत बघून कॅमेरा चालता चालता शिकत जायचा की लांबची कुठली जमीन चांगली आहे. म्हणजे लेबल लावायला माणूस नकोच, एक सेन्सर दुसऱ्याला शिकवतोय. असली आयडिया सुचायला मशीन लर्निंग येणारा एक आणि लेझर कसा चुकतो ते माहीत असलेला दुसरा असे दोघं एका खोलीत लागतात. किंवा एकाच डोक्यात दोन्ही लागतं. तू ज्या कोर्सला बसलायस तो त्यासाठी आहे.

आता "कोड एआयच लिहून देतं". देतं की, वापर. फक्त तुमच्या युनिव्हर्सिटीचे नियम काय आहेत ते आधी वाच, प्रत्येक विषयाला वेगळे असू शकतात. माझा अनुभव असा की रोबोटिक्समध्ये कोड न चालणं ही सोपी अडचण आहे, कोड चालतो आणि रोबो चुकतो ही खरी अडचण. अंश दिले तिथे रेडियन हवे होते. कॅमेऱ्याच्या फ्रेममधला (म्हणजे कॅमेऱ्यापासून मोजलेला) बिंदू रोबोच्या हाताच्या फ्रेममध्ये न बदलताच पाठवला. क्वाटर्नियनमध्ये, म्हणजे वस्तू कुठे वळलीय ते सांगणाऱ्या चार आकड्यांमध्ये, आरओएस (रोबोचं सॉफ्टवेअर) डब्ल्यू नावाचा आकडा शेवटी ठेवतं आणि मुजोको (सिम्युलेटर) पहिला ठेवतं, चारही आकडे तेच, क्रम वेगळा, एरर काही येत नाही आणि हात भलतीकडे फिरतो. एआयला तुझ्या टेबलावरची वायर दिसत नाही. मोटर ड्रायव्हर आणि कंट्रोलर बोर्डची ग्राउंडची वायर एकत्र जोडलेली नाही, किंवा मोटर सुरू होताना इतका करंट खेचते की व्होल्टेज पडून बोर्डच रीसेट होतो, आणि तू रात्रभर चॅटबॉटला विचारत बसतोस की माझा प्रोग्राम मध्येच पहिल्यापासून का सुरू होतो, तो बिचारा तुला एकेक नवीन कोड देत राहतो.

म्हणून एक सवय लाव. कोड कुणीही लिहो, रन करायच्या आधी वहीत लिही की कोणता आकडा किती यायला पाहिजे. रोबो १ मीटर पुढे गेला तर एन्कोडरचे टिक्स किती, जायरोचा कोन किती, बॅटरीचं व्होल्टेज किती. मग रन कर आणि कुठला आकडा सोडून गेला ते बघ. मुलं हे करत नाहीत, सरळ पीआयडीचे आकडे अंदाजाने वरखाली करत बसतात, कधीतरी जमतं, आणि का जमलं ते कुणालाच माहीत नसतं, दुसऱ्या दिवशी फरशी बदलली की परत गेलं. सगळं रेकॉर्ड करून ठेवा, आरओएस वापरत असाल तर बॅग फाइल करा, म्हणजे रोबो न हलवता तोच बिघाड घरी बसून दहादा बघता येतो.

धड काहीच येत नाही या भीतीबद्दल मात्र तुझं अर्धं बरोबर आहे. सगळं थोडं थोडं घेऊन डिग्री पूर्ण करता येते आणि तसे लोक बाहेर पडतातही. तेव्हा या वर्षाच्या शेवटापर्यंत एक गोष्ट स्वतःची म्हणून निवड, बघणं म्हणजे परसेप्शन, किंवा रस्ता ठरवणं, किंवा कंट्रोल, किंवा लर्निंग. निवड आयुष्यभराची नसते, घाबरू नकोस. लर्निंग घेतलंस तरी हार्डवेअर सुटत नाही, उदाहरणार्थ माणसाने करून दाखवलेलं बघून रोबोला शिकवायचं म्हटलं तर पहिला प्रॉब्लेम हा की रोबो थोडासा चुकला की तो अशा जागी जातो जी दाखवताना कधी आलीच नव्हती, तिथे तो अजून चुकतो आणि चूक वाढतच जाते. पोमरलो नावाच्या संशोधकाने १९८९ च्या सुमाराला अल्विन नावाचं छोटं न्यूरल नेटवर्क गाडी चालवायला शिकवलं तेव्हा हाच त्रास होता, चांगला ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमधच चालवतो, मग कडेला गेल्यावर परत कसं यायचं हे नेटवर्कला कोण दाखवणार? तर त्यांनी कॅमेऱ्याचं चित्र मुद्दाम सरकवून कडेला गेल्यासारखी खोटी उदाहरणं बनवली. पस्तीसेक वर्षं झाली, प्रश्न अजून जिवंत आहे. फायनल इयर प्रोजेक्टला असला एखादा छोटा प्रश्न घेऊन नीट मोजून मांडलास तर "स्मार्ट मल्टिपर्पज रोबो" नावाच्या खटाऱ्यापेक्षा शंभरपट बरं.

अभ्यासाचं पटकन सांगते. लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी यात तडजोड करू नकोस, दोन्ही बाजूंना तेच लागतं, उद्या खरंच प्युअर एआयला गेलास तरी. पायथन येत असेलच, सी प्लस प्लस वाचता आणि दुरुस्त करता आलं पाहिजे. आरओएस २ शीक, जुन्या आरओएसच्या शेवटच्या व्हर्जनचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला, त्यामुळे जुने ट्युटोरियल बघून वेळ घालवू नकोस. सिम्युलेटर जरूर वापर, गझीबो, वीबॉट्स, मुजोको सगळे फुकट आहेत, पण सिम्युलेटरमध्ये चाक खऱ्यासारखं घसरत नाही, म्हणून तिथे जमलं की लगेच खऱ्यावर आण, महिनाभर तिथेच रमू नकोस. ग्रुपमध्ये वायरिंग एकच जण करतो आणि रिपोर्ट एकच जण लिहितो असं झालं असेल तर अदलाबदल करा. भांडण होईल, होऊ दे.

आता बदलायचं कधी ते सांगते, कारण ते पण खरं आहे. रोबो बंद पडला की तुला काय वाटतं ते बघ. वैताग सगळ्यांनाच येतो, तो धरू नको. वैतागानंतर "पण का?" असं डोक्यात येत असेल, जेवताना, झोपताना त्याचाच विचार चालू असेल तर तू बरोबर जागी आहेस. पण दरवेळी "हे दुसऱ्या कुणीतरी करावं, मला मॉडेलकडे जाऊ दे" असंच येत असेल, वायर, स्क्रू, बॅटरी यांचा मनापासून कंटाळा असेल, तर बदल, आणि अपराधी वाटून घेऊ नको, भाषा, आकडेवारी, थिअरी यात पण आयुष्य घालवण्यासारखं भरपूर आहे. दुसरं कारण म्हणजे तुमचा कोर्सच नावाला असणं. सध्या एआय आणि रोबोटिक्स हे नाव लावलं की सीट भरतात, म्हणून जुन्याच कोर्सला नवीन पाटी लागल्याचे प्रकार असतात. पुढच्या दोन वर्षांचा सिलॅबस काढ आणि बघ की कंट्रोल, एस्टिमेशन, कायनेमॅटिक्स हे कंपल्सरी आहेत का, लॅबमध्ये किती मुलांमागे किती चालू रोबो आहेत, आणि लॅब तासाव्यतिरिक्त उघडी असते का. सीनियरना विचार, ब्रोशरला नको. उत्तरं निराशाजनक आली तर माझा "नको जाऊस" मी मागे घेते, तिथे बसून काही मिळणार नाही. तुमच्याकडे रोबो आहे आणि तो वाकडा का होईना चालतोय, म्हणजे तेवढी वाईट परिस्थिती दिसत नाही, पण तू आत आहेस, तुला जास्त माहिती.

आणि बदलायचंच ठरलं तर सही करायच्या आधी एवढं विचार की झालेल्या विषयांची क्रेडिट्स तिकडे धरतात का, आणि प्युअर एआयमध्ये राहून रोबोटिक्सचे विषय इलेक्टिव्ह म्हणून घेता येतात का. कधी कधी येतात, मग एवढा जीव टांगणीला लावायची गरजच नसते.

ता.क. लॅपटॉपचं राहिलं. महागडा नको. १६ जीबी रॅम आणि बरा प्रोसेसर घे, त्यावर लिनक्स थेट टाक, व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकलंस तर यूएसबीवरचे सेन्सर आणि सिम्युलेटरचं ग्राफिक्स दोन्ही त्रास देतात. मोठं ट्रेनिंग युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवर किंवा गूगलच्या कोलॅबवर कर, सेकंड इयरला तेवढं पुरतं. ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच असेल तर एनव्हिडियाचं घे, कारण कुडा (ग्राफिक्स कार्डवर गणितं चालवायचं सॉफ्टवेअर) त्याच्यावरच चालतं, पण आयझॅक सिम हा त्यांचा सिम्युलेटर तुमच्या लॅबमध्ये खरंच वापरतात का ते आधी विचार, त्याला आरटीएक्स कार्ड लागतं आणि त्याच एका गोष्टीसाठी बरेच जण दुप्पट पैसे घालतात, आणि मग ते कधी उघडतही नाहीत.